घरातील हवा आणि फिल्टरचे काम

घरातील हवा ही मुळात बाहेरचीच हवा असते. दारे, खिडक्या आणि फटींतून ती आत येते आणि मग चूल, माणसे, भिंती, लाकूडकाम, देवघर, ओल अशा सगळ्यांचे काही ना काही तिच्यात मिसळत जाते. शहरी माणूस दिवसाचा बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या छपराखाली काढतो. तान्ही मुले, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायका यांचा तर जवळजवळ सगळा दिवस घरातच जातो. हवेच्या प्रदूषणाची चर्चा मात्र अजून रस्त्यावरच्या धुरापाशी अडकलेली आहे. वर्तमानपत्रात रोज येणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बाहेरच्या केंद्रांवर मोजलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही अंदाजप्रणाली २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्यामुळे शहराच्या हवेचे आकडे लोकांच्या परिचयाचे झाले, पण स्वतःच्या झोपायच्या खोलीतला आकडा फार थोड्या घरांना ठाऊक असतो.

घरातील प्रदूषकांची पहिली आणि सर्वांत उपयोगाची विभागणी म्हणजे कण आणि वायू. ही विभागणी पक्की समजली की फिल्टरविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात, कारण कण अडवणारे माध्यम वायू अडवत नाही आणि वायू शोषणारे माध्यम कणांच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते. कणांचे वर्ग आकारावरून पडतात. दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० म्हणतात आणि अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते. झाडताना उन्हाच्या तिरिपेत दिसणारी धूळ बरीच मोठी असते. ती नाकात-घशात अडकते किंवा काही मिनिटांत जमिनीवर बसते. अडीच मायक्रोमीटरखालचे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड, रंग आणि पॉलिश यांतून उडणारी सेंद्रिय द्रव्ये आणि माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ही नावे प्रमुख आहेत.

गॅसवर शिजणाऱ्या शहरी घरात कणांचा सर्वांत मोठा रोजचा उगम स्वयंपाकघर हाच असतो. फोडणीचे उदाहरण घ्यावे. कढल्यात तेल तापते, मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते आणि लाल मिरची टाकताच घरभर ठसका उठतो. ठसका लागतो तो मिरचीतल्या तिखट द्रव्यामुळे, आणि तो ओसरला की हवा निवळली असे वाटते. प्रत्यक्षात तापलेल्या तेलाची वाफ थंड होताना बनलेले अतिसूक्ष्म थेंब तसेच तरंगत असतात. त्यांना वास फारसा नसतो आणि रंग तर नसतोच. पोळ्या लाटताना लावलेली पिठी तव्यावर जळते, फुलका थेट आचेवर धरला जातो, उतू गेलेले दूध बर्नरवर करपते. या प्रत्येक क्षणी कणमापकाचा आकडा उसळी घेतो. तळण असेल तर बंद स्वयंपाकघरात पीएम २.५ ची पातळी काही मिनिटांत घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आहे. शिवाय खुद्द गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो दम्याच्या मुलांना त्रासदायक ठरतो आणि कणांच्या फिल्टरमधून सरळ पार होतो.

चुलीच्या घराची गोष्ट याहून कितीतरी गंभीर आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळची हवा मोजली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीने प्रदूषणाचा प्रश्न कारखाना आणि मोटारींपुरता आहे या समजाला धक्का दिला. जळत्या लाकडाशेजारी, शेणीच्या धुरात, मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई जी हवा घेते तिच्यापुढे कुठल्याही महानगराचा चौक स्वच्छ ठरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले. भारतात १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी कोट्यवधी घरांत नेली, मात्र सिलिंडर भरून घेण्याचा खर्च झेपत नाही तिथे अंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला चूल पेटतेच. जुन्या धाब्याच्या घरात धूर जायला छताला साणे असे, कौलारू घरात धुराडे असे. पक्क्या स्लॅबखाली ती वाट बंद झाली. या घरांना प्युरिफायरचा सल्ला देणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. तिथे उपाय इंधन बदलण्याचा आहे आणि तोवर धुराला वाट करून देण्याचा आहे. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात दाखवून दिले की फुप्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा विकार, म्हणजे सीओपीडी, धूम्रपान न करणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे इंधनाचा धूर हे एक ठळक कारण आहे. आयुष्यात विडी न ओढलेल्या आजीचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडून देण्याची पद्धत त्यामुळे तपासून पाहावी लागते.

धुराचे आणखी काही उगम श्रद्धेशी आणि रूढीशी जोडलेले आहेत आणि म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणे अवघड जाते. उदबत्ती, धूप, ऊद, गुग्गुळ, कापूर यांचा सुवास आणि धूर ही एकाच ज्वलनाची दोन अंगे आहेत. सुवास चांगला म्हणून धूर निराळा होत नाही. डास पळवणारी कॉइल रात्रभर बंद खोलीत, झोपलेल्या मुलांच्या उशाशी जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या पीएम २.५ चे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलांच्या हातातले फटाके तपासले, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण सोडणारा प्रकार निघाला नागगोळी. ती आवाज करत नाही, ठिणगी उडवत नाही, आणि म्हणून लहानग्यांना बिनधास्त दिली जाते. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायची आणि ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून बाळाला धुरी द्यायची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत अजून आहे. मायेने, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून ती पाळली जाते. नेमका धोका त्या बंद खिडक्यांत आहे. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि नवजात बाळाची फुप्फुसे अजून घडत असतात. ऊब हवी असेल तर ती धुराविना देता येते.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या सगळ्या प्रदूषकांत काही मिनिटांत जीव घेणारा तोच आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लहान, बंद बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर पुरेशी ताजी हवा मिळाली नाही की तो तयार करू लागतो. अंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कोणताही घरगुती फिल्टर हा वायू अडवत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे. घरात शेगडी किंवा गॅसवर चालणारी दुसरी उपकरणे असतील तर मोनॉक्साइडची सूचना देणारे अलार्मचे उपकरण लावावे. दिवाणखान्यात महागडा प्युरिफायर आणि बाथरूममध्ये झरोका नसलेला गीझर, हा खर्चाचा क्रम उलटा आहे.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेचा प्रश्न धुराचा कमी आणि ओलीचा जास्त असतो. भिंतींना पोपडे येतात, कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास लागतो, चपलांवर पांढुरकी बुरशी धरते. या बुरशीचे बीजाणू आणि गादी-उशीत वाढणारे धुळीतले सूक्ष्म माइट ही दमा आणि सर्दीच्या अॅलर्जीची नेहमीची कारणे आहेत. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर माइट तग धरू शकत नाहीत, पण किनारपट्टीवर ती पावसाळ्यात त्याच्या कितीतरी वर असते. माइटचे अॅलर्जीकारक कण तुलनेने जड असतात, गादी झटकली की उडतात आणि लवकर बसतात. त्यामुळे हवा गाळण्यापेक्षा चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुणे आणि गादीला विणीची घट्ट खोळ घालणे यांचा उपयोग अधिक होतो. भिंतीत पाणी मुरत असेल तर तिथली गळती बंद करणे हाच खरा उपाय. बुरशीवर रंग मारला की ती काही आठवड्यांत रंगातून वर येते.

नव्या फ्लॅटची हवा आणखी निराळी असते. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ जोडणाऱ्या डिंकांतून फॉर्माल्डिहाइड हळूहळू बाहेर पडत राहतो आणि उष्णता वाढली की त्याचा वेगही वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. नव्या रंगाचा आणि पॉलिशचा वास कित्येकांना नवेपणाची खूण म्हणून आवडतो. सुतारकाम आणि रंगकाम संपल्यावर घर काही आठवडे सताड उघडे ठेवून मग राहायला जाणे हा फुकटचा उपाय आहे, पण भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी चालू असलेल्या कुटुंबाला तो परवडत नाही हेही खरेच.

माणसे स्वतःही हवा बदलतात. उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तर बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० इतकेच आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतल्या वायुवीजनाचे माप म्हणून हा वायू वापरायला सुचवले आणि दहा लाखांत एक हजार भाग ही मर्यादा ठेवली. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो आकडा वापरात आहे. त्या सूचनेच्या पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रुग्णाला थंडी न बाधता त्याची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे हा पहिला नियम मानला. १९७३च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या आणि त्यात काम करणाऱ्यांची डोकेदुखी, डोळ्यांची चुरचूर, थकवा अशा तक्रारी वाढल्या. भारतीय घरांत तीच स्थिती स्प्लिट एसीने आणली आहे. हा एसी खोलीतली तीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची हवा आत घेत नाही. चार माणसे एका बंद, थंड खोलीत रात्रभर झोपली की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड हजाराच्या बराच वर जातो आणि एखाद्याला सर्दी-ताप असेल तर त्याचे जंतूही तिथेच घुटमळतात. वायुवीजन आणि संसर्ग यांचे नाते मुंबईत फार जवळून पाहता येते. मानखुर्दची लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचते ना वारा. तिथल्या क्षयरोगाचा घराच्या रचनेशी संबंध असल्याचे २०१८ मध्ये पुढे आलेल्या पाहणीने दाखवले. तेव्हा हवेशीरपणा हा घराच्या नकाशाचा आणि नियोजनाचा प्रश्न आहे. तो दुकानातून विकत आणता येत नाही.

किती कण चालतात, याची उत्तरे दोन आहेत. भारताच्या २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची ६० पर्यंत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक मूल्ये खाली आणून ती अनुक्रमे ५ आणि १५ केली. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या चर्चेत वापरले जातात, पण फुप्फुसांना आतली हवा आणि बाहेरची हवा असा भेद नसतो. सूक्ष्म कणांचा संबंध दमा आणि सीओपीडीपुरता नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशीही तो जोडला गेला आहे.

उपायांचा क्रम या सगळ्या उगमांवरूनच ठरतो. आधी उगम कमी करायचा, मग हवा बदलायची आणि उरलेले गाळायचे. कॉइलच्या जागी मच्छरदाणी, निखाऱ्याच्या जागी कपड्याची ऊब, कोरड्या झाडूच्या जागी ओले फडके, अशा बदलांना वीज लागत नाही. स्वयंपाकघरात चिमणी बसवताना तिचा पाइप इमारतीबाहेर गेला पाहिजे. पाइप नसलेली, हवा आतच फिरवणारी चिमणी तेलाचा मोठा भाग अडवते, पण वायू आणि बारीक कण खोलीतच परत सोडते. पाइपची चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन चालवताना समोरच्या बाजूची एखादी खिडकी थोडी उघडी असावी, कारण आत येणाऱ्या हवेशिवाय पंखा बाहेर काही ढकलू शकत नाही. गॅस बंद केल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. खिडकी केव्हा उघडायची हेही बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूर खालीच साचतो. अशा दिवसांत दुपारी उन्हे तापल्यावर घर उघडणे बरे. शेजारी बांधकाम चालू असेल किंवा कचरा जळत असेल तेव्हा खिडक्या लावाव्यात. फिल्टरची खरी गरज इथे सुरू होते. बाहेरची हवा वाईट आहे, ती रोखणे घरमालकाच्या हातात नाही आणि बंद खोलीतही ती फटींतून शिरतेच.

बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा इतिहास घरातून नव्हे तर युद्धातून येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी अतिशय दाट तंतूंचे फिल्टर विकसित झाले. त्यांचाच वंशज आज ‘हेपा’ या नावाने ओळखला जातो. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंची ही लगदी असते. पृष्ठभाग वाढावा म्हणून ती चुणीदार घड्या घालून चौकटीत बसवलेली असते. ती चाळणीसारखी काम करते असे समजले जाते, पण तिच्यातली भोके अडवायच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. मोठे कण जडत्वामुळे वळण घेऊ शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. मध्यम कण हवेबरोबर वळतात, पण तंतूच्या फार जवळून जाताना त्याला चिकटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटतात आणि त्या भरकटण्यातच तंतूला जाऊन लागतात. या रीतींच्या मधल्या पट्ट्यात, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे कण सर्वांत जास्त निसटतात. म्हणूनच फिल्टरची परीक्षा त्या आकारावर घेतात. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडले तर तो हेपा. युरोपीय मानकातला एच १३ वर्ग सर्वांत निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवतो आणि एच १४ वर्ग ९९.९९५ टक्के. फिल्टर ०.३ पेक्षा लहान कण अडवू शकत नाही हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. ०.१ पेक्षा लहान कण उलट अधिक सहज अडकतात. खोक्यावर ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा प्रकारचा’ असे लिहिलेले असेल तर त्या शब्दांमागे कोणतीही ठरलेली कसोटी नसते.

मात्र घरासाठी हा टक्केवारीचा आकडा दुय्यम आहे. फिल्टर किती टक्के कण अडवतो यापेक्षा यंत्र ताशी किती स्वच्छ हवा खोलीत सोडते हे जास्त महत्त्वाचे. या मापाला सीएडीआर, म्हणजे स्वच्छ हवा पुरवण्याचा दर, म्हणतात आणि तो ताशी घनमीटरमध्ये दिलेला असतो. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती ताशी पाच वेळा गाळली जावी अशी अपेक्षा ठेवली तर ताशी १७० घनमीटर सीएडीआर लागतो. पण हा दर यंत्र पूर्ण वेगाने चालवून मोजलेला असतो. त्या वेगाला होणाऱ्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून रात्री यंत्र हलक्या वेगावर जाते आणि दर निम्म्याहूनही खाली येतो. झोपायच्या खोलीसाठी हिशोबापेक्षा जवळपास दुप्पट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मंद चालवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

खिडकी आणि यंत्र यांचे नाते आकड्यांत पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. बाहेर पीएम २.५ ची पातळी १०० आहे असे धरू. खिडक्या लावलेल्या साध्या घरात तासाला एकदा हवा बदलते, फटींतून येताना वीस टक्के कण वाटेत अडतात आणि थोडे भिंती-जमिनीवर बसतात. अशा खोलीत पातळी ६७ च्या आसपास स्थिरावते. नुसत्या बंद खिडक्यांनी मिळणारे संरक्षण इतके तुटपुंजे असते. तिथे ताशी पाच वेळा हवा गाळणारे यंत्र लावले की पातळी सुमारे १३ वर येते. यंत्र तसेच चालू ठेवून खिडक्या उघडल्या आणि तासाला सहा वेळा हवा बदलू लागली, तर पातळी पुन्हा ५० च्या वर जाते. घरातल्या फोडणीचा धूर निवळण्याचेही तसेच आहे. बंद खोलीत तो निम्मा व्हायला सुमारे ३५ मिनिटे लागतात, यंत्र असेल तर सुमारे सात. म्हणजे बाहेरची हवा वाईट असताना यंत्र आणि बंद खिडकी ही जोडी हवी, आणि ती चांगली असताना उघडी खिडकी एकटी पुरते. माणसे बंद खोलीत फार वेळ असतील तर अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडावीच लागते, कारण कार्बन डायऑक्साइड हेपातून जसाच्या तसा पार होतो.

वायूंसाठी सक्रिय कोळसा वापरतात. तो बहुधा नारळाच्या करवंटीपासून बनतो आणि त्याच्या अगणित सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय वायूंचे रेणू धरून ठेवले जातात. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी कोळशाचा श्वसनमुखवटा १८५४ मध्येच बनवला होता. घरगुती यंत्रांतली अडचण कोळशाच्या वजनाची आहे. अनेक यंत्रांत काळ्या भुकटीचा हात फिरवलेली पातळ जाळी असते. ती वास थोडे दिवस दाबते आणि मग भरून जाते. फॉर्माल्डिहाइडसारखा लहान रेणू साध्या कोळशावर नीट टिकतही नाही, त्यासाठी रासायनिक प्रक्रिया केलेला कोळसा लागतो.

हवा ‘सक्रियपणे’ शुद्ध करण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांपासून सावध राहावे. आयनायझर आणि तत्सम उपकरणांतून ओझोन निघू शकतो आणि ओझोन हा स्वतःच फुप्फुसांना चुरचुरवणारा वायू आहे. फरशी पुसण्याच्या लिंबाच्या वासाच्या द्रव्यांशी त्याची अभिक्रिया झाली की फॉर्माल्डिहाइड आणि नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात. कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांतून येणाऱ्या ओझोनवर दहा लाखांत ०.०५ भागांची कायदेशीर मर्यादा घातली आहे. कुंड्यांतल्या झाडांचा लौकिक नासाच्या १९८९च्या प्रयोगांवर उभा आहे. ते प्रयोग लहान, बंद पेटीत झाले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असा हिशोब निघाला की साध्या घरातल्या हवाबदलाची बरोबरी करायला चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडे लागतील. कुंडीतले झाड सुंदर असते, डोळ्यांना गारवा देते, आणि तेवढे कारण ते ठेवायला पुरेसे आहे.

फिल्टरने तब्येतीत काय फरक पडतो याविषयी पुरावा मर्यादित पण आशादायक आहे. शांघायमध्ये ३५ निरोगी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या खोल्यांत ४८ तास खरे आणि लुटुपुटीचे प्युरिफायर आलटून-पालटून लावले गेले. कोणता खरा हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हते. खऱ्या यंत्राने पीएम २.५ सुमारे ५७ टक्क्यांनी उतरले आणि रक्तदाब व दाहाशी निगडित रक्तघटक यांत मोजता येईल अशी घट झाली. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याच्या मुलांना काही प्रमाणात आराम पडल्याचेही अभ्यास सांगतात. यंत्राने आयुष्य वाढते असे जाहिरातींतले वाक्य मात्र अशा दोन दिवसांच्या प्रयोगांवरून काढता येत नाही.

किमतीचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर एक प्रामाणिक उत्तर २०२०च्या साथीत सापडले. अमेरिकेतले अभियंते रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर बनवण्याच्या व्यवसायातले जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून चौकोनी पंख्याभोवती चार-पाच सपाट फिल्टर पुठ्ठा आणि चिकटपट्टीने जोडलेला एक खोका तयार झाला. त्यातले फिल्टर हेपा नसतात, मर्व्ह १३ या खालच्या वर्गाचे असतात. पण हवा त्यांतून इतक्या सहज आणि इतक्या प्रमाणात जाते की स्वच्छ हवेचा एकूण पुरवठा अनेक महागड्या यंत्रांच्या बरोबरीचा ठरतो. शाळांच्या वर्गांत मुलांनीच असे खोके बनवले. टक्केवारीपेक्षा पुरवठ्याला महत्त्व का द्यायचे, हे यातून स्पष्ट दिसते.

यंत्र घेतल्यावर ते कुठे ठेवायचे आणि कसे सांभाळायचे यावर त्याचे निम्मे काम ठरते. भिंतीला चिकटवून किंवा पडद्याआड ठेवलेल्या यंत्राला हवा ओढता येत नाही. चारही बाजूंनी फूटभर मोकळी जागा हवी. एकच यंत्र असेल तर त्याची जागा झोपायच्या खोलीत, कारण सलग सात-आठ तास माणूस तिथेच असतो. चाळीस वॅटचे यंत्र रात्री दहा तास चालले तर महिन्याला बारा युनिट वीज जाते. बाहेरची जाळी, म्हणजे प्रीफिल्टर, दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमने साफ करावी किंवा धुऊन पूर्ण वाळवावी. तिच्यावर करड्या रंगाचा, बोटाने सोलता येईल असा केस-धाग्यांचा थर जमलेला दिसतो. आतला हेपा मात्र धुवायचा नसतो. पाण्याने तंतूंची वीण विस्कटते आणि त्यांवरचा विद्युतभारही जातो. फिल्टर बदलताना चौकटीभोवतीचा रबर किंवा फोमचा कडा नीट बसला आहे ना ते पाहावे, कारण कडेच्या बारीक फटीतून निसटणारी हवा न गाळताच बाहेर येते. यंत्रातला ‘फिल्टर बदला’ हा दिवा बहुधा चाललेले तास मोजतो, फिल्टर किती भरला ते नाही. बांधकामाशेजारच्या घरात फिल्टर त्याआधी संपतो आणि कोकणातल्या एखाद्या वाडीत त्यानंतरही चालतो. वेगळा कणमापक जवळ असेल तर खोली बंद करून यंत्र पूर्ण वेगावर चालवावे आणि आकडा निम्म्यावर यायला किती मिनिटे लागतात ते नव्या फिल्टरसह एकदा टिपून ठेवावे. तोच वेळ दुप्पट झाला की फिल्टर बदलायची वेळ आली. मात्र स्वस्त कणमापक दमट हवेत कणांवर चढलेले पाणीही मोजतात, म्हणून पावसाळ्यातले त्यांचे आकडे फुगलेले असतात आणि ही चाचणी कोरड्या दिवशी घ्यावी. काढलेला फिल्टर घरात झटकू नये. तो पिशवीत घालून तोंड बांधून कचऱ्यात द्यावा आणि नंतर हात धुवावेत.